स्कूल बसचे स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी...

पिरंगुट (ता. मुळशी) : पुण्याचा चांदणी चौक मागे टाकला, की बावधन, भूगाव, भुकूम अशी गावे ओलांडत पौड रस्ता छोट्या घाटात शिरतो. घाट उतरताच पिरंगुट लागते. सकाळी याच रस्त्यावर औद्योगिक वसाहतीकडे निघालेले ट्रक, कंपन्यांच्या बस, दुचाकीस्वार कामगार आणि विद्यार्थ्यांनी भरलेल्या पिवळ्या स्कूल बस यांची एकच गर्दी होते. जून-जुलैत त्यात मुळशीचा पाऊस आणि धुके यांची भर पडते. अशा रस्त्यावर तीस-चाळीस मुलांना घेऊन जाणारा चालक नेमक्या कोणत्या कसोट्या पार करून आलेला असतो? या कामात उतरू इच्छिणाऱ्या तरुणांना आणि मुलांना बसमध्ये बसवून देणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडावी, अशी ही माहिती.

परीक्षा एक नाही

पहिली गोष्ट म्हणजे, 'स्कूल बस चालकाची परीक्षा' अशी एकच स्वतंत्र परीक्षा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मिळणारा परिवहन वाहनाचा परवाना, वैद्यकीय तपासणी, राज्याच्या नियमांनुसार मिळणारा चालकाचा बिल्ला, चारित्र्य पडताळणी आणि प्रत्यक्ष अनुभव, अशा पायऱ्या चढून उमेदवार या कामास पात्र ठरतो. शालेय वाहतुकीसाठी राज्याने २०११ मध्ये स्वतंत्र नियमावलीही लागू केली.

वयाची अट २० वर्षे आहे. त्याआधी मोटारीचा म्हणजेच हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. त्यानंतरच परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. पूर्वी त्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये रद्द झाली. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र मात्र आवश्यक आहे. मोठ्या वाहनाच्या प्रशिक्षणाचा कालावधी किमान ३० दिवसांचा असतो. त्यात प्रथमोपचार, आगीपासून बचाव आणि प्रवाशांशी वागणूक हेही विषय येतात. हे तास अनेक जण टाळतात. वास्तविक स्कूल बससाठी तेच सर्वांत मोलाचे आहेत.

व्हॅनसाठी वेगळा निकष

वाहनाचे एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असेल, तर हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला परिवहन वाहनासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. लहान स्कूल व्हॅन या मर्यादेत येतात. मात्र हा निर्णय परवान्याच्या वर्गापुरता आहे. शालेय वाहतुकीच्या इतर अटी त्यामुळे सैल होत नाहीत.

तयारी कशी करावी?

मोटारीच्या पहिल्या शिकाऊ परवान्यासाठी वाहतूक चिन्हे आणि नियमांची चाचणी असते. तीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ती पूर्वी कधी तरी दिलेली असली, तरी उजळणी करावी. गोल चिन्हे आदेश देतात, त्रिकोणी सावध करतात आणि आयताकृती माहिती देतात, एवढे पक्के असले की निम्मा अभ्यास झाला. अपघातानंतर चालकाची कर्तव्ये, रेल्वे फाटकावरील दक्षता आणि सोबत बाळगायची कागदपत्रे हेही या अभ्यासाचे विषय आहेत.

शिकाऊ परवान्यानंतर किमान ३० दिवसांनी वाहन चालविण्याची चाचणी देता येते. ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला, त्याच प्रकारच्या वाहनावर ती द्यावी लागते. आरसे नीट लावणे, निघण्यापूर्वीची दक्षता, वळणे, मार्गिका बदलणे, मागून येणाऱ्यास वाट देणे, अरुंद जागेत बस मागे घेणे, अचानक थांबणे या गोष्टी निरीक्षक पाहतात. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे आणि उतारावर झटपट खालचा गिअर टाकणे हेही चाचणीचे भाग आहेत.

पिरंगुटसारख्या भागातील चालकाला या शेवटच्या दोन गोष्टी रोज कराव्या लागतात. 'ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा,' असे जुने चालक सांगतात. त्यामागे साधे शास्त्र आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला, की तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीचा वेग धरून ठेवते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर मुलांच्या जिवाशी खेळ आहे. एअर ब्रेकच्या बसमध्ये हवेचा दाब पुरेसा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवयही शिकतानाच लावून घ्यावी.

तीन वेळा चाचणी देऊनही यश आले नाही, तर शेवटच्या चाचणीनंतर ६० दिवस थांबावे लागते आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते. परिवहन परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षे आहे.

परवान्यानंतरची कसोटी

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि वीसहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वाहतुकीच्या खटल्यात स्कूल बससाठी निर्देश दिले. चालकाला अवजड वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडणे, थांबारेषा ओलांडणे अशा गुन्ह्यांसाठी वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा दंड झालेला चालक नको. अतिवेग, मद्यपान किंवा बेदरकारपणा यांसाठी एकदाही कारवाई झालेला चालक नको. बसचा वेग ताशी ४० किलोमीटरपुढे जाऊ न देणारे यंत्र हवे. पुढे देशभर या अटी आधारभूत मानल्या गेल्या.

हिशेब केला, तर विसाव्या वर्षी परवाना आणि त्यावर पाच वर्षांचा अनुभव, म्हणजे पंचविशीच्या आत कोणी या कसोटीला उतरूच शकत नाही. 'महिन्याभरात स्कूल बसवर लावतो,' असे सांगणाऱ्यापासून उमेदवारांनी आणि शाळांनीही दूर राहावे.

चारित्र्य पडताळणीही केवळ उपचार मानू नये. पुण्यातील वानवडी परिसरात विद्यार्थिनींवरील अत्याचाराच्या आरोपाखाली २०२४ मध्ये एका स्कूल व्हॅनच्या चालकाला अटक झाली, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला होता. २०११ च्या नियमावलीनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. पालकांचे प्रतिनिधीही तीत असतात. वाहनाची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि चालकाचा परवाना तपासणे हे तिचे काम आहे. समिती कागदावरच राहिली, तर चालकाची पात्रताही कागदावरच राहते.

जे चाचणीत विचारत नाहीत

बसच्या अगदी पुढे आणि मागे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. त्यामुळे उतरलेली मुले मोजल्याशिवाय बस हलवू नये आणि मदतनीस मागे उभा असल्याशिवाय ती मागे घेऊ नये. मूल ठरलेल्या पालकाच्याच हाती द्यावे. फेरी संपल्यावर शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन कोणी झोपलेले तर नाही ना, हे पाहावे. या कामांना गुण नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही. बसमधली मुले सुखरूप घरी पोहोचतात ती मात्र यांच्याच बळावर.

लक्षात ठेवा

उमेदवारांसाठी : हलक्या वाहनाचा परवाना (किमान एक वर्ष), वय व पत्त्याचा पुरावा, नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला.

पालकांसाठी : चालकाचा परवाना कोणत्या वर्गाचा व कधीपर्यंत वैध, अनुभव किती, बसचे योग्यता प्रमाणपत्र वैध आहे का, मुलींसाठी महिला मदतनीस आहे का आणि परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पाच प्रश्न शाळेला जरूर विचारावेत.