व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधील अनिष्ट ध्वनी

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधील अनिष्ट ध्वनी म्हणजे निर्वात नलिकांवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकातून वाद्याच्या मूळ स्वराखेरीज ऐकू येणारी घरघर, सळसळ, कडकड, शिट्टी किंवा टणत्कार होय. हौशी व्यक्तींनी घरी जोडलेल्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असे ध्वनी विशेष आढळतात. कारखान्यात तारांची मांडणी चाचण्यांनंतर निश्चित केलेली असते. घरी मात्र ती जोडणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून राहते. प्रत्येक अनिष्ट ध्वनीचा उगम सामान्यतः मंडलाच्या ठरावीक भागात असतो. ध्वनीचे स्वरूप ओळखून आणि एकेक टप्पा क्रमाने वगळून तो शोधता येतो. या यंत्रात ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असल्यामुळे दोषशोधाची पद्धत हा जीविताच्या सुरक्षिततेचाही विषय ठरतो.

पार्श्वभूमी

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड, घातले. ग्रिडवरील लहान विद्युत्‌दाबाने मोठा प्रवाह नियंत्रित करता येऊ लागला आणि ध्वनिवर्धन शक्य झाले. भारतात ही नलिका ‘व्हॉल्व्ह’ या नावाने परिचित झाली. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने देशात व्हॉल्व्ह तयार केले. ठाणे येथे मर्फी रेडिओचा कारखाना होता. व्हॉल्व्हचे रेडिओ व सार्वजनिक ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे कारागीर त्या काळी तालुक्याच्या गावीही असत.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू मागे पडला. मात्र क्षमतेबाहेर चालविल्यावर व्हॉल्व्हमधून येणारा भरदार, किंचित फाटलेला स्वर गिटारवादकांना प्रिय असल्याने गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याचा वापर टिकून आहे.

रचना

घरी जोडण्यासाठी बहुधा साधे मंडल निवडले जाते. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ‘चॅम्प’ या सुमारे ५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे ५एफ१ हे मंडल त्यांपैकी सर्वपरिचित आहे. त्यात तीन व्हॉल्व्ह असतात. १२एएक्स७ (युरोपीय नाव ईसीसी८३) गिटारचा क्षीण संकेत दोन टप्प्यांत वाढवतो, ६व्ही६ स्पीकरला शक्ती पुरवतो आणि ५वाय३ प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. या प्रवाहातील चढउतार फिल्टर कपॅसिटर सपाट करतात. जुने कारागीर त्यांना ‘कंडेन्सर’ म्हणतात. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हचा उच्च दाब स्पीकरला योग्य अशा स्वरूपात आणतो.

सुरक्षितता

वीज बंद केल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, काही वॅट क्षमतेच्या सुमारे १० ते ४७ किलोओहम रेझिस्टरमधून हा भार चॅसीकडे निचरून द्यावा आणि दाब शून्याजवळ आल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. चालू यंत्रात मोजमाप करताना एकच हात वापरावा, जेणेकरून प्रवाहाला छातीतून मार्ग मिळणार नाही.

नवीन जोडलेले किंवा दीर्घकाळ बंद असलेले यंत्र प्रथम ‘सिरीज बोर्डा’वर लावावे. त्यातील फिलामेंटचा बल्ब मंडलाच्या मालिकेत असतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाल्यास प्रवाह सामान्यतः मर्यादेत असतो. पूर्ण प्रकाशाने जळत राहिल्यास कोठेतरी शॉर्ट आहे, असे समजावे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर चालवू नये. त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दोषशोधाची पद्धत

दोषशोधाचे मूळ तत्त्व संशयाचे क्षेत्र निम्मे करत जाणे हे आहे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. गिटारची तार काढावी. ध्वनी थांबल्यास दोष गिटार, तार किंवा परिसरातील विद्युत्‌चुंबकीय उपद्रवात आहे.

२. व्हॉल्यूम शून्यावर आणावा. ध्वनी नाहीसा झाल्यास उगम व्हॉल्यूम नियंत्रकाच्या आधीच्या टप्प्यात, तसाच राहिल्यास नंतरच्या टप्प्यात आहे.

३. वीज बंद करून व व्हॉल्व्ह थंड होऊ देऊन १२एएक्स७ काढावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. ध्वनी कायम राहिल्यास दोष वीजपुरवठ्यात किंवा ६व्ही६ च्या टप्प्यात आहे.

४. वेगवेगळ्या बिंदूंवरील दाब मोजून आकृतीतील मूल्यांशी ताडावेत. उदाहरणार्थ, ६व्ही६ च्या कॅथोडकडील ४७० ओहमच्या रेझिस्टरवर १९ व्होल्ट आढळल्यास व्हॉल्व्हमधून सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहत आहे, असा निष्कर्ष निघतो.

५. शेवटी बांबूच्या पूर्ण वाळलेल्या काडीने प्रत्येक तार, जोड व व्हॉल्व्ह हलकेच ठोकून किंवा सरकवून पाहावा. काडी ओली असल्यास तिच्यातून प्रवाह वाहू शकतो.

एका वेळी एकच बदल करावा व तो टिपून ठेवावा. अनेक भाग एकदम बदलल्यास ध्वनी गेला तरी कारण कळत नाही.

ध्वनींचे प्रकार व कारणे

घरघर: भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. १२एएक्स७ चे तंतू प्रत्यावर्ती प्रवाहावर तापत असल्यास त्यांच्या तारांमधून ५० हर्ट्‌झची घरघर शिरते. एकदिशीकरणानंतर उरलेला चढउतार मात्र १०० हर्ट्‌झचा असतो. हा भेद कानाने ओळखता येतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर मिळणारा स्वर ९८ हर्ट्‌झचा असतो. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळल्यास फिल्टर कपॅसिटर तपासावेत. ती एक सप्तक खाली असल्यास तंतूंच्या तारा व ट्रान्सफॉर्मरचे स्थान पाहावे. तंतूंच्या दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कडेने न्याव्यात. ट्रान्सफॉर्मरला मध्यअग्र नसल्यास दोन्ही तारांपासून प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर चॅसीला जोडावा.

भणभण: घरघरीपेक्षा तीक्ष्ण असा हा ध्वनी चॅसीला अनेक ठिकाणी केलेल्या अव्यवस्थित जोडांमुळे येतो. पहिल्या फिल्टर कपॅसिटरमधील मोठा प्रवाह आणि गिटारचा क्षीण संकेत यांचा परतीचा मार्ग एकच असता कामा नये. गिटारची दिशा बदलल्यावर भणभण कमी-जास्त होत असेल, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसून गिटारचा पिकअप जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा दिव्यांचा डिमर यांचा उपद्रव टिपत असतो.

सळसळ: काही प्रमाणात सळसळ प्रत्येक ध्वनिवर्धकात असते. ती वाढल्यास पहिल्या टप्प्यातील १२एएक्स७ बदलून पाहावा. फरक न पडल्यास प्लेटकडील १०० किलोओहमचे कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे बसवावेत.

कडकड व खरखर: अनियमित कडकड बहुधा कच्च्या सोल्डरमुळे, सॉकेटच्या सैल पकडीमुळे किंवा सदोष प्लेट रेझिस्टरमुळे येते. नियंत्रक फिरवतानाच खरखर होत असल्यास त्यात धूळ असते. साफ करूनही ती न गेल्यास आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत असून एकदिश दाब नियंत्रकावर येत असण्याची शक्यता असते. अशी गळती ६व्ही६ च्या ग्रिडवर झाल्यास त्याची प्लेट लाल होते. यंत्र तात्काळ बंद करावे.

शिट्टी व किंचाळी: पहिल्यांदाच सुरू केलेले यंत्र किंचाळत असेल, तर प्रथम ऋण प्रतिपोषणाची जोडणी तपासावी. ५एफ१ मंडलात स्पीकरकडील संकेताचा काही अंश २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागील टप्प्यास परत दिला जातो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट लागल्यास हे प्रतिपोषण धन होते व मंडल स्वतःच दोलन करू लागते. एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल हा त्यावरील उपाय आहे. ग्रिड व प्लेट यांच्या तारा एकमेकींजवळून समांतर गेल्यासही शिट्टी येते.

फटफट: मोटारबोटीसारखा सावकाश फटफट आवाज येणे हे वेगवेगळ्या टप्प्यांचा वीजपुरवठा फिल्टर कपॅसिटरने पुरेसा विलग न झाल्याचे लक्षण होय.

टणत्कार: व्हॉल्व्हला स्पर्श करताच घंटेसारखा नाद आल्यास त्यातील विद्युतग्रे सैल झालेली असतात. किंचित नाद स्वाभाविक आहे. तो घुमत राहिल्यास व्हॉल्व्ह बदलावा.

छायास्वर: काही वेळा वाजवलेल्या स्वराबरोबर दुसरा बेसूर स्वर ऐकू येतो व वादकाला गिटारच सुरात नसल्याचा भास होतो. फिल्टर कपॅसिटर क्षीण झाल्यास १०० हर्ट्‌झचा चढउतार मूळ स्वरात मिसळतो. त्यामुळे ३३० हर्ट्‌झच्या स्वराबरोबर २३० व ४३० हर्ट्‌झचे स्वरही उमटतात.

यांत्रिक ध्वनी: फाटलेला स्पीकर, सैल स्क्रू, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची थरथर यांचा मंडलाशी संबंध नसतो. दुसरा स्पीकर जोडून पाहिल्यास हा भेद लगेच कळतो.

चंद्रपूर व गडचिरोली परिसरातील परिस्थिती

चंद्रपूर जिल्हा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांतील हवामान अशा यंत्रांची कसोटी पाहणारे आहे. चंद्रपूरचे उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानातील प्रत्येक १० अंशांच्या वाढीने साधारणतः निम्मे होते. त्यामुळे ते तापणाऱ्या व्हॉल्व्हपासून दूर बसवणे व पेटीला वायुवीजन ठेवणे येथे अधिक आवश्यक ठरते. पावसाळ्यात फायबरच्या जोडपट्टीत ओल शिरली की शेजारच्या बिंदूंमध्ये सूक्ष्म प्रवाह गळतो आणि कडकड सुरू होते. कोरड्या दिवसात हा दोष आपोआप नाहीसा होत असल्याने तो फसवा असतो.

चंद्रपूर येथे राज्यातील एक प्रमुख औष्णिक वीज केंद्र असले, तरी लांब वाहिन्यांच्या शेवटी असलेल्या गावांत दाब कमी होऊ शकतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाल्यास ६.३ व्होल्टच्या तंतूला सुमारे ५.२ व्होल्टच मिळतात व स्वर दुर्बळ होतो. म्हणून दोष शोधण्यापूर्वी घरातील वीजदाब मोजावा. जनरेटरवर वीज घेतल्यास त्याच्या गतीनुसार घरघरीचा स्वरही चढतो-उतरतो. यावरून तिचा उगम वीजपुरवठ्यात असल्याचे निश्चित होते.

या भागातील झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग धानाच्या कापणीनंतरच्या हंगामात, मोकळ्या जागेतील मंचावर रात्रभर चालतात. वडसा म्हणजेच देसाईगंज हे नाट्यमंडळींचे प्रमुख केंद्र आहे. मायक्रोफोन, ध्वनिवर्धक व दिवे एकाच तात्पुरत्या वीजजोडणीवर असतील अशा कोणत्याही मंचावर घरघर व भणभण यांची वर उल्लेखिलेली कारणे लागू पडतात. कापणीनंतर सुकलेल्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे अर्थिंगची जागा ओली ठेवणे आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक स्विच बसवणे आवश्यक असते.

अर्थिंग तोडण्याचा धोका

प्लगमधील अर्थिंगची तार काढल्यास घरघर पुष्कळदा थांबते. म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. तो प्राणघातक आहे. गिटारच्या तारा चॅसीला जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटून चॅसीत वीज उतरल्यास, अर्थिंग असताना फ्यूज उडतो; अर्थिंग नसताना तीच वीज वादकाच्या बोटांपर्यंत येते आणि त्याचा स्पर्श मायक्रोफोनला होताच शरीरातून वाहते. उलट, गिटार सुरक्षित असून मायक्रोफोनमध्ये वीज उतरली तरी परिणाम तोच होतो. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे कार्यक्रमादरम्यान मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. ‘यार्डबर्ड्‌स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्यानेच मरण पावले.

जुन्या दोन पिनांच्या अमेरिकन यंत्रांत वीजवाहक तार व चॅसी यांच्यामध्ये घरघर कमी करण्यासाठी एक कपॅसिटर असे. तो निकामी झाल्यास चॅसीत थेट वीज येते. म्हणून तो काढून तीन पिनांचा प्लग बसवतात. अर्थिंग जोडल्यावर घरघर वाढत असेल, तर दोष अर्थिंगमध्ये नसून यंत्रातील परतीच्या जोडांत किंवा दोन यंत्रांमधील वर्तुळाकार मार्गात असतो. तो तेथेच दूर करावा. दोन्ही यंत्रे एकाच वीजफलकावरून चालवणे आणि संकेताच्या मार्गात विलगीकरण ट्रान्सफॉर्मर वापरणे हे त्यावरील सुरक्षित उपाय होत.

हे सुद्धा पहा

निर्वात नलिका
ट्रान्झिस्टर
गिटार
अर्थिंग
झाडीपट्टी रंगभूमी