टॅब चार्ज होत नाही? वायर वाकडी करून चालवू नका, आधी हे तपासा

पेण / रोहा : "दादा, वायर जरा वाकडी धरली की चार्ज होतो, सोडली की बंद." मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात टॅब घेऊन येणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा हेच सांगतो. मग कोणी वायरखाली काडेपेटी लावतं, कोणी रबर गुंडाळतं, कोणी टॅब उशीला टेकवून ठेवतं. दोन-तीन महिने असं निघतात आणि एक दिवस टॅब पूर्ण बंद पडतो. तेव्हा मात्र लहान खर्चाचं काम मोठं झालेलं असतं.

टॅब आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना महाज्योती संस्थेच्या योजनेतून मोफत टॅब मिळतात आणि त्यांचे क्लास त्यावरच चालतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायलाही चार्ज असलेला मोबाईल लागतो. चार्जिंगची जागा गेली की ही सगळी कामं अडतात. खालील माहिती टॅब आणि मोबाईल दोन्हींना लागू पडते.

चार्जिंग पॉइंट म्हणजे नेमकं काय?

वायर जिथे खुपसतो त्या खाचेला दुकानात चार्जिंग पिन, चार्जिंग जॅक किंवा सीसी म्हणतात. सध्या दोन प्रकार दिसतात. जुन्या टॅबला मायक्रो यूएसबी असते. ती एकाच बाजूने बसते आणि तिच्यात ५ संपर्क असतात. नव्या टॅबला टाइप-सी असते. ती दोन्ही बाजूंनी बसते आणि पूर्ण टाइप-सी खाचेत २४ संपर्क असतात. खाचेत मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर हे संपर्क बसवलेले असतात. ही जीभ वाकली किंवा तुटली की पॉइंट बदलण्याशिवाय इलाज नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वायर घट्ट धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंग टॅबमध्ये नसतात, वायरच्या टोकात असतात. म्हणजे झीज आधी वायरची होते. त्यामुळे पॉइंट ढिला वाटला तरी दोष पुष्कळदा वायरचा निघतो.

दुकानात जाण्याआधी घरी करायची तपासणी

१. दुसरी चांगली वायर आणि दुसरा चार्जर लावून बघा. आपली वायर दुसऱ्या मोबाईललाही लावून बघा. तिथेही ढिली बसली तर वायर बदला, काम झालं.

२. टॅबची बॅटरी मोबाईलपेक्षा मोठी असते. ५ व्होल्ट १ अँपियरचा जुना चार्जर लावला तर टॅब फार हळू भरतो, आणि वापर चालू असेल तर उलट उतरतोही. चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. टॅबला किमान ५ व्होल्ट २ अँपियर असलेला बरा.

३. बॅटरी पार उतरली असेल तर स्क्रीनवर लगेच काही दिसत नाही. अर्धा तास चार्जिंगला ठेवून मग ठरवा.

४. टाइप-सी असेल तर पिन उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर जिभेच्या एका अंगाचे संपर्क मळलेत किंवा खराब झालेत.

५. बॅटरी दाखवते आहे, पण स्क्रीन वर उचलल्यासारखी किंवा पाठ फुगलेली दिसते, तर लगेच थांबा. ती फुगलेली बॅटरी आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

साफसफाई : बरेच टॅब इथेच सुधारतात

बॅटरीच्या उजेडात खाच बघा. तळाशी करडा थर दिसला तर ती खिशातली, पिशवीतली कपड्याची लव आहे. प्रत्येक वेळी वायर खुपसताना ती आत दाबली जाते आणि तिचा बोळा होतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, म्हणून ढिली वाटते. हमरापूर, जोहे परिसरात गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये माती आणि प्लास्टरची पूड जाते. तीही ओल लागली की घट्ट बसते.

टॅब पूर्ण बंद करा. खाचेचं तोंड खाली धरा. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून खाचेच्या कडेने हलक्या हाताने फिरवा आणि बोळा बाहेर ओढा. मधल्या जिभेला जोर लावायचा नाही. नंतर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नका, संपर्क वाकतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. सॅनिटायझर, रॉकेल, अत्तरही नको.

पावसाळ्यात पाणी गेलं तर

रायगडात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पेणच्या खारेपाटात हवेत मीठही असतं. ओल्या पॉइंटला वायर लावली की वीज आणि पाणी मिळून संपर्क कुजवतात आणि त्यावर हिरवट थर येतो. खाऱ्या पाण्याने हे आणखी लवकर होतं. म्हणून स्क्रीनवर ओलाव्याची सूचना आली तर वायर आधी काढा. तोंड खाली धरून हलकेच झटका आणि पंख्याखाली ठेवा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग नको. चुलीजवळ, कडक उन्हात किंवा केस सुकवायच्या मशीनपुढे ठेवू नका.

आपल्याकडे हमखास सांगतात की तांदळाच्या डब्यात ठेव. त्याचा फायदा नाही. तांदळाची पूड आणि कणी खाचेत अडकते. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. खाऱ्या पाण्यात पडलेला टॅब मात्र नुसता सुकवून भागत नाही. तो उघडून साफ करून घ्यावा लागतो.

वायर वाकडी केल्याने नेमकं काय बिघडतं?

पॉइंट आतल्या बोर्डावर सोल्डरच्या टाक्यांनी बसवलेला असतो. टाका सैल झाला की चार्जिंग येतं-जातं. या टप्प्यावर दुरुस्ती साधी असते. पण रोज वायर वाकवून दाब दिला की टाक्याखालचे तांब्याचे ठिपके बोर्डापासून उखडतात. मग नुसता नवा पॉइंट बसवून चालत नाही, बारीक तार ओढून जोड द्यावी लागते. ते काम वेळखाऊ असतं, खर्च वाढतो आणि टिकण्याची खात्री कमी. शिवाय सैल जोडावर ठिणगी पडून जागा तापते. झोपताना उशीखाली असा टॅब चार्जिंगला ठेवणं धोक्याचं आहे.

दुकानात काय करतात?

काही टॅबमध्ये चार्जिंग पॉइंट वेगळ्या लहान बोर्डावर असतो. स्क्रू काढून तो बोर्ड बदलला की झालं. काहींमध्ये, विशेषतः स्वस्त टॅबमध्ये, पॉइंट थेट मुख्य बोर्डावर असतो. तिथे आधी बॅटरीची जोडणी सोडवतात आणि गरम हवेच्या मशीनने जुना पॉइंट उतरवतात. मग जागा साफ करून तंतोतंत त्याच मापाचा नवा बसवतात. टाइप-सीच्या संपर्कांमध्ये अंतर अर्धा मिलिमीटर असतं. रेडिओ दुरुस्तीच्या जाड सोल्डरिंग गनने हे काम घरी करायला जाऊ नका. दोन टाके एकमेकांना चिकटले तर बोर्डच जळतो.

टॅब देताना हे विसरू नका

- चार्ज शिल्लक आहे तोवर फोटो, कागदपत्रं, नोट्स दुसरीकडे उतरवून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा.
- वॉरंटी आहे का बघा. दुकानात उघडलेला टॅब कंपनी नंतर वॉरंटीत घेईलच असं नाही. योजनेतून मिळालेला टॅब असेल तर आधी संबंधित संस्थेला विचारा.
- वेगळा बोर्ड बदलणार की सोल्डर करणार, एकूण किती घेणार, किती दिवसांची हमी देणार, हे आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.
- काढलेला जुना पॉइंट परत मागा.
- परत घेताना आपलीच वायर लावून, दोन्ही बाजूंनी, दहा मिनिटं चार्ज करून बघा. टॅबला कॉम्प्युटर जोडत असाल तर तेही तपासा.

फसवणूक झाली तर

पैसे घेऊन काम केलं नाही किंवा वॉरंटी असताना कंपनी टाळाटाळ करते, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पावती असेल तरच तक्रारीत जोर राहतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर सहभागी कंपन्यांची सुटे भाग, वॉरंटी आणि सेवा केंद्रांची माहिती एका जागी मिळते.

पॉइंट टिकवायचा असेल तर

वायर ओढून काढू नका, टोकाला धरून सरळ काढा. चार्जिंग चालू असताना पोटावर टॅब टेकवून व्हिडिओ बघू नका, सगळा भार पिनवर येतो. बोर्डाला लावलेला टॅब वायरीवर लोंबकळत ठेवू नका. पावसात शेतावर जाताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा : आधी वायर, मग चार्जर, मग साफसफाई आणि शेवटी दुकान. आणि वायर वाकडी धरायची वेळ आली, तर त्याच आठवड्यात दुकान गाठा.