वाणसौद्यांतलें बीजगणित

बीजगणिताचें पहिलें पुस्तक हातीं पडलें म्हणजे बहुतेक मुलांची अशी समजूत होते कीं, हें शास्त्र आपल्या गांवचें नव्हे. कालपर्यंत दोन आणि तीन मिळून पांच होत असत. आज 'क्ष' आणि 'य' मिळून कांहींच होत नाहीं! शाळा धाराशिव जिल्ह्यांतील माकणीची असो कीं पुण्याची असो, शिक्षकाची या भीतीशीं गांठ पडतेच. माझें म्हणणें असें कीं, ही भीति विषयांतून उत्पन्न होत नाहीं, त्याच्या मांडणींतून होते. आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांनीं हाच विषय शिकवितांना विद्यार्थ्याला आधीं दुकानाच्या दारांत उभें केलें होतें.

त्यांचे शब्दच पाहा. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें अधिक आणि उणे राशींचे नियम सांगितले, ते 'धन' आणि 'ऋण' या नांवांनीं. शून्याहून लहान संख्या कशी असूं शकते, या प्रश्नानें युरोपांतील पंडित पुढें कित्येक शतकें अडखळत होते. आपल्याकडे वाण्याची उधारी ज्याच्या शिरावर आहे त्याला ती शंका येण्याचें कारण नव्हतें. अज्ञात राशीला नांव होतें 'यावत्-तावत्', म्हणजे 'जितकें असेल तितकें'. दुकानीं भाव विचारण्यापूर्वीं गिऱ्हाइकाच्या मनांत जी किंमत असते, तिला याहून चांगलें नांव मला तरी सुचत नाहीं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. बीजगणितांतील एक उदाहरण असें: एका मनुष्याजवळ ३०० रूपें आणि ६ घोडे आहेत, दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रूपें कर्ज आहे. घोडे सारख्या किंमतीचे आणि दोघांची मत्ता सारखीच. तर एका घोड्याची किंमत काय? प्रत्येकाचे सहा घोडे बाजूस काढा. एकीकडे ३०० रूपें उरलीं, दुसरीकडे चार घोडे आणि कर्ज. आतां दोघांनाही शंभर-शंभर द्या. कर्ज फिटलें, चार घोडे बरोबर ४०० रूपें. घोडा शंभराचा. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखें काढावें, दोन्हींत सारखें घालावें, एवढाच नियम. आणि तो शिकण्यास एकाही अक्षराची गरज पडली नाहीं.

'लीलावती'मधील वाटसरूचें उदाहरण तर याहून गोड आहे. एका द्रम्माला तांदूळ साडेतीन माने आणि मूग आठ माने मिळतात. वाटसरू वाण्याला १३ काकिणी देऊन म्हणतो, दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग लौकर दे. जेवण उरकून निघावयाचें आहे, कारण आमचा तांडा पुढें निघून जाईल! (साडेतीनाचा भाव काय म्हणून? पंतोजींच्या शाळेंत औटकीचे पाढे उगीच घोकून घेत नसत.) द्रम्माचे पण १६ आणि पणाच्या काकिणी ४, म्हणजे द्रम्माच्या काकिणी ६४. मूग एक माना घ्यावा, तर तांदूळ दोन माने घ्यावे लागतील आणि एकूण ४४ पूर्णांक ४/७ काकिणी पडतील. हातीं आहेत तेरा. तेव्हां मूग मिळतील मान्याचे ७/२४ आणि तांदूळ ७/१२. येथें हें त्रैराशिकानें सुटतें. पण मुगाच्या भागाला 'यावत्-तावत्' म्हटलें कीं त्याच उदाहरणाचें समीकरण होतें. अंकगणितांतून बीजगणितांत जाण्याचा उंबरठा इतकाच उंच आहे.

बाजाराचें ऋण या विद्येनें एका परीनें फेडून घेतलें आहे, असें गमतीनें म्हणतां येईल. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें शके ११२८ चा, इ. स. १२०७ मधला, एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ काढला आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्याला दान दिलें. लेखाच्या अखेरच्या मराठी भागांत मठाचें उत्पन्न सांगितलें आहे: गिऱ्हाइकाकडून पांच पोफळें, तेलाच्या घाण्यांमागें पळी-पळी तेल. शिवाय बाजारांत जें मापावयाचें तें मठाच्या मापानेंच मापावें, आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा. गिऱ्हाइकाच्या पोफळांवर बीजगणिताचें अध्ययन चालावें, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

आतां माकणीकडे येऊं. हें गांव लोहारा तालुक्यांत, तेरणेच्या कांठीं. याच नदीवर, वरच्या अंगास, तेर आहे. तेंच प्राचीन तगर, जेथील माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद ग्रीक प्रवासवर्णनांत आहे. पण देवघेवीचें खरें बीजगणित या मुलखाला निजामी अमलांत घडलें. संस्थानांत हाली शिक्का, शेजारच्या सोलापुरांत कलदार. १९५० सालीं भारतीय रुपया येथें चालूं झाला तेव्हां दर ठरला तो ७ हालीस ६ कलदार. समजा, एकाच्या कनवटीस दोन्ही मिळून २० रुपये आहेत आणि सराफानें त्यांची किंमत १८ कलदार केली. तर हाली किती? प्रत्येक हालीमागें सातवा हिस्सा तुटतो, तूट दोन रुपयांची. म्हणून हाली १४. एक अज्ञात मानून, ७ नें गुणून, हेंच समीकरण कागदावर मांडतां येतें.

मात्र त्या काळीं दुय्यम शाळेंतील शिक्षण मुख्यतः उर्दूंतून होई. दुकानांत हा हिशेब तोंडीं करणाऱ्या मराठी मुलाला वर्गांत तोच परक्या भाषेंत भेटत असे. गंमत अशी कीं, 'अल्-जब्र' हें नांव ज्या ग्रंथावरून पडलें, तो अल्-ख्वारिझ्मीचा इ. स. ८२० च्या सुमाराचा ग्रंथही वारसाच्या वाटण्या, व्यापार आणि जमिनीची मोजणी यांसाठींच लिहिलेला. आणि त्यांतील अज्ञात राशीचें नांव नुसतें 'वस्तु'! १९४८ नंतर राज्य बदललें, पुढें शाळेची भाषाही बदलली, १९५९ पर्यंत हाली शिक्काही गेला. 'क्ष' मात्र परकाच राहिला.

एक सावधगिरी हवी. दुकान सर्व कांहीं शिकवीत नाहीं. वर्गसमीकरणासाठीं कोणी साठ टरबुजें खरेदी करूं लागला, तर मुलें हंसतात, आणि तें योग्यच आहे. तेथें शेताच्या बांधाकडे जावें. परंतु पहिल्या महिन्यांत तरी फळ्यावर अक्षर लिहूं नये. मुलांनीं घरच्या खरेदीची चिठ्ठी आणावी, एका जिनसाचा भाव बोटानें झांकावा, आणि एकूण रकमेवरून शेजाऱ्यानें तो ओळखावा. साखर दोन किलो, चहा चाळीस रुपयांचा, मिळून एकशेवीस. साखरेचा भाव झांकलेला. बोटाखालीं काय आहे हें मुलानें ओळखलें, कीं त्या बोटाच्या जागीं अक्षर लिहावें.