वस्तीचा ताण कोणत्या रंगाचा?

वडशाला रेल्वे स्टेशन आहे. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. दोन्ही गावं गडचिरोली जिल्ह्यातच. मग ‘गडचिरोली मागास’ म्हणताना आपण नेमकं कोणाबद्दल बोलतो?

गरिबीचा ताण नकाशावर दाखवायची कल्पना जुनी आहे. चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनचा असा नकाशा छापला. त्यासाठी रस्त्यारस्त्यांची माहिती गोळा केली होती. श्रीमंत रस्ते पिवळे, सगळ्यात गरीब काळे. शेजारच्या दोन गल्ल्यांचे रंग वेगळे दिसले.

आपण मोजलं ते जिल्ह्याच्या मापाने. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, ती तूट भरून काढायचा खर्च म्हणजे ‘अनुशेष’. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचे सुमारे १,२४६ कोटी. तक्रारीला आकडा मिळाला, हे मोठंच काम होतं. २००२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक १.०० होता, गडचिरोलीचा ०.२१. राज्यात सगळ्यात शेवटी.

मी सॉफ्टवेअरवाला. सरासरी काढायला मला कोडची एक ओळ पुरते. त्या एका ओळीत वडसा आणि भामरागड दोन्ही गायब होतात.

याच जिल्ह्यात दुसरीही मोजणी झाली. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावोगावी जन्म-मृत्यू नोंदवले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी कागदांतून निसटलेले बालमृत्यू समोर आणले. त्याआधी, १९९५ ते ९८ मध्ये, ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली गेली. काम केलं त्याच गावांतल्या प्रशिक्षित बायकांनी. ४७ गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला.

अनुशेषाने निधी जिल्ह्यापर्यंत आणायचा हक्क सांगितला. तो कोणत्या दारापर्यंत जायला हवा, हे मात्र दारोदार गेलेल्या वहीलाच ठाऊक असतं. ज्या टोल्यावर मोजायला कुणी गेलंच नाही, त्याला नकाशात शेजारच्या गावाचा रंग लागतो.