बिअरच्या आधीचं दळण

प्राचीन इजिप्तच्या बिअरविषयी बोलताना आपण थेट मडक्यापाशी पोचतो. आज त्याच्या अलीकडे, दळणापाशी थांबू या.

लक्सरच्या पलीकडच्या तीरावर देर अल-मदीना नावाचं गाव होतं. राजांची थडगी खोदणारे कारागीर तिथे राहत. काळ इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाचा उत्तरार्ध. नाणी नव्हती, पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार एमर गहू आणि दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर. गहू भाकरीसाठी, जव मुख्यतः बिअरसाठी. म्हणजे दारात यायचा तो दाणा. पुढचं सगळं घरात.

जुनी समजूत अशी की अर्धवट भाजलेली भाकरी कुस्करून आंबवत असत. डेल्वेन सॅम्युअल यांनी मडक्यांना चिकटलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९९६ साली वेगळं चित्र मांडलं. धान्याला मोड आणत, आपण नाचणीच्या सत्त्वासाठी आणतो तसेच. त्यातला एक भाग शिजवायचा, दुसरा कच्चाच भरडायचा, मग दोन्ही पाण्यात कालवून गाळायचं. कच्च्या भरडीतली विकरं शिजलेल्या पिठूळ भागाची साखर करतात. दाणा फुटलाच नाही, तर ती बाहेर येणार कशी?

हा दाणा फोडायचा कशावर? फिरतं जातं अजून यायचं होतं. आपल्या पाटा-वरवंट्यासारखा दगड, पुढे-मागे घासायचा. त्याची किंमत शरीर मोजतं. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांत, विशेषतः बायकांच्या, पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली आढळली. थिया मॉलेसन यांनी त्याचा संबंध गुडघ्यांवर बसून दळण्याशी जोडला. इजिप्तमध्येही आधी दगड जमिनीवरच असे. पुढे अमार्नाच्या कामगार वस्तीत तो विटांच्या ओट्यावर चढलेला दिसतो. उभ्याने दळता येऊ लागलं. लहानसा बदल, पण बघा, कोणाच्या तरी गुडघ्यांचा विचार त्यात आहे.

तरी प्रश्न उरतोच. देर अल-मदीनात दळणासाठी सरकारी दासी दिलेल्या असत, घराघरांत दिवस वाटून. पगाराच्या हिशेबात दाणा कारागिराच्या नावावर, आणि या बायका मात्र त्याला मिळणाऱ्या सोयीसारख्या. वस्तूचा मालक कोण हे इतिहास चटकन सांगतो. ती वस्तू खाण्यापिण्याजोगी कोणी केली, हे दगडाला आणि हाडांना विचारावं लागतं.