तोफेच्या तोंडी

वर्गात ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार आला, की मुले हमखास हसतात. परवा एकाने वाक्य केले, “काच मी फोडली नव्हती, पण दादाने मला बाबांच्या तोफेच्या तोंडी दिले.” मीही हसलो. मग मुलांना एक चित्र दाखवले आणि वर्ग चिडीचूप झाला.

ते चित्र चार्ल्स बॉल याने सत्तावन्नच्या उठावाचा जो दोन खंडी इतिहास लिहिला, त्यातले. धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले. तोफांची रांग, तोंडाशी बांधलेले शिपाई आणि भोवती शिस्तीत उभे सैन्य. या शिक्षेला गोळा लागत नसे. नुसती दारू पुरे होई. इंग्रजांनी ती शोधून काढली असे नव्हे. मोगलांच्या काळापासून ती येथे चालत आलेली.

रत्नागिरीकरांनी हे चित्र परक्याचे समजू नये. मुंबई इलाख्याच्या फौजेत आपल्या जिल्ह्यातली माणसे पुष्कळ होती, आणि २७ व्या देशी पलटणीची एक तुकडी येथेच असे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री त्या पलटणीने कोल्हापुरात बंड केले. ते मोडल्यावर काहींना फाशी, काहींना गोळ्या आणि काहींना तोफ मिळाली. मुंबईत दिवाळीत उठण्याचा बेत शिजत होता. पोलीस अधिकारी फोर्जेट याने तो हुडकला, आणि १५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सय्यद हुसेन व मंगल गाडिया यांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेने उडवण्यात आले.

मरणारा क्षणात सुटे. शिक्षा खरी बघणाऱ्यांसाठी होती. छापील चित्राने ते मैदान विलायतेतल्या दिवाणखान्यांपर्यंत वाढवले. लॉरेनचा चित्रकार जाक कालो याने १६३३ मध्ये युद्धाच्या हालांची अठरा चित्रे छापली. त्यांतही झाडाला लटकवलेले शिपाई आहेत. पण त्याआधी त्यांनी लुटलेली गावे आहेत आणि नंतर भिकेला लागलेले लुळेपांगळे शिपाईही आहेत. बॉलच्या या चित्राला मात्र ना मागचे, ना पुढचे.

“गुरुजी, यात आपले कोण?” एका मुलाने विचारले.

मी म्हटले, “बांधलेलेही आपले, आणि बघायला उभे केलेले देशी शिपाईही आपलेच.”

चित्राखाली त्यांतल्या एकाचेही नाव नाही. म्हणून मी मुंबईची ती दोन नावे फळ्यावर लिहिली. तास संपला तरी पुसली नाहीत.