सावड फेडायची असते

1880च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानांत बाजरीशेजारी ऊस उभा राहिला. उसामागोमाग गुऱ्हाळे आली. चुलवाण एकदा पेटले की विझू द्यायचे नसते. जाळ घालणाऱ्याचा डोळा लागला तर शेजारच्याने चिपाडे सारायची, नाहीतर काहील वाया जाते. गुळव्या उकळता पाक गार पाण्यात टाकून गोळी बघतो. त्याची नजर चुकली तर ढेप बसत नाही. म्हणूनच त्याला वेळेवर भाकरी आणि विसावा देणे हे मालकाच्याही हिताचे होते. वाटसरूच्या हातीसुद्धा रसाचा तांब्या यायचा. कामावरची माया ही कामाच्या रीतीतच मुरलेली होती.

शेतीतही तेच. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, ही सावड. अडलेल्याच्या शेतावर सगळ्यांनी औते घेऊन जायचे आणि त्याने जेवण घालायचे, ही इर्जिक. हा जिव्हाळा टिकला, कारण त्याला हिशेब होता: सावड फेडावी लागते. यावर कोणी म्हणेल, हे गाव इतके गोड नव्हते. खरेच नव्हते. ज्याच्याकडे रान आणि बैल, त्याचीच सावड. महारवतनाच्या नावाखाली राबणाऱ्याच्या वाट्याला वेठ आली. ती वतने 1958च्या कायद्याने गेली, कोणाच्या दयेने नव्हे. पण यातून माया निरुपयोगी ठरत नाही. जिथे परतफेड नाही तिथे माया उरत नाही, उपकार उरतो, एवढेच ठरते.

पुढे कामाची रीतच बदलली. 1932मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले. त्याच दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. या कारखान्यांच्या उसासाठी बीड-नगरकडून येणारे ऊसतोड मजूर आगाऊ उचल घेऊन फडावर उतरतात, आणि नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. दोन माणसांना एका हत्याराचे नाव पडले, तेव्हाच सावडीचे नाते तुटले. आधी मजुरी द्या, गोड बोलणे नंतर, हा आक्षेप रास्त आहे. मजुरीच्या जागी माया चालणार नाही. पण फडावर पिण्याचे पाणी, लेकराला सावली, बाळंतिणीला विसावा हे नुसत्या मजुरीतून येत नाही. या तालुक्यांची साखर त्यांच्या घामावर उभी आहे. ती सावड अजून फिटलेली नाही.